त्या संध्याकाळी दिवे लागले नव्हते

आमची ताई चिडली की तिचा आवाज उतरतो. इतरांचा चढतो, हिचा खाली जातो. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. गेली चार वर्षं ती बरेचदा याच आवाजात बोलते आहे. आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असतो तर मला बोलताच आलं नसतं.

ताईने लग्न केलं नाही. ती माझ्या कुटुंबातच राहते. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात तिने एकतीस वर्षं काढली. दप्तरखाना म्हणजे तळघरातल्या दोन लांब खोल्या, लोखंडी मांडण्या, भिंतींना कमरेपर्यंत ओल आणि एक टेबल. जुना नकाशा, जुनी जन्मनोंद, सामाईक भिंतीवरून झालेला जुना वाद, काहीही हवं असलं की वरचे लोक खाली तिच्याकडे यायचे. आणि ऑफिसला जायच्या आधी, सकाळी पाच ते साडेसात, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रहस्यकथा लिहायची. दीडशे वर्षांपूर्वीचं आमचंच शहर, त्यात एक मेलेला माणूस आणि त्याला कुणी मारलं याचा शोध. अशा तीन कादंबऱ्या तिच्या छापून आल्या होत्या. खप बेताचा, पण वाचणारे आवडीने वाचायचे. ऑफिसातले शिपाई जिन्यावरून विचारायचे, "काय बाई, सध्या कुणाला मारताय?"

तिची लिहायची पद्धत आमच्या घरादाराने सोसलेली आहे. चपलांच्या रिकाम्या खोक्यांत ती कार्डं ठेवते. माणसाला एक कार्ड, जागेला एक, वेळेला एक. ज्या गोष्टीची खात्री नाही त्या कार्डाला कपड्यांचा चिमटा लावायचा. फार चिमटे झाले की लिहिणं बंद आणि एकेक चिमटा सोडवायला बाहेर पडायचं. मेणबत्ती किती वेळ जळते? लाखेची मोहर गरम सुरीने उचलता येते का? भिजलेलं घोंगडं एकट्या बाईला उचलेल का? हे सगळं ती करून बघणार, आणि तिच्याबरोबर आम्ही. माझी बायको म्हणायची, "वन्सं, तुमच्या पुस्तकांपायी माझे कपडे वाऱ्यावर उडतात, एक चिमटा जागेवर नसतो." ताईचा हट्ट एकच होता. त्या काळच्या माणसाला जे दिसलं नसतं ते तिच्या पुस्तकात कुणाला दिसणार नाही.

चौथ्या कादंबरीचा विषय तिला एका फायलीत मिळाला. आमच्या शहरात पूर्वी एक मोठं कापडाचं गोदाम होतं. सैन्यासाठीची घोंगडी तिथे साठवलेली असत. एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला त्याला आग लागली आणि आत हिशेब लिहीत बसलेला गुमास्ता जळून मेला. आळ आला दिवाबत्तीवाल्यावर. नगरपालिकेचा नोकर, संध्याकाळी शिडी आणि तेलाचं डबडं घेऊन रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारा. गोदामाच्या चौकीदाराने साक्ष दिली, 'हा रोजच्यासारखा शिडी घेऊन आला, कोपऱ्यावरचा दिवा लावला आणि पेटती काठी खिडकीतून आत टाकली.' का टाकली? तर आठवड्यापूर्वी गुमास्त्याशी भांडण झालं होतं म्हणून. नऊ दिवस खटला चालला. जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी तो माणूस तुरुंगातच गेला.

ताईला वाटलं, यात कादंबरी आहे. तिने असं ठरवलं की दिवाबत्तीवाला हाच कथेचा नायक ठेवायचा. वाचकाला त्याचा लळा लावायचा, त्याच्यावर अन्याय होतोय असं वाटायला लावायचं आणि शेवटच्या प्रकरणात आग त्यानेच लावली हे उघड करायचं. युक्ती चांगली होती. मलाही आवडली होती, खोटं कशाला बोलू.

दिवा लावायला किती वेळ लागतो हे बघायला तिने मला मागच्या अंगणात शिडीवर चढवलं. स्वतः खाली घड्याळ घेऊन उभी. मला उंचीची भीती आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर स्टुलावर बसून काम. शिडीशी संबंध येतो कशाला? मी आठही पायऱ्या मोठ्याने मोजत चढलो. मोजत राहिलं की खाली बघायचं राहून जातं.

"हे मी घेऊ?" ताईने खालून विचारलं.

"काय घेणार?"

"मोजणं. त्यालाही उंचीची भीती होती असं दाखवते. रोज साठ दिवे लावतो आणि रोज पायऱ्या मोजतो."

मी म्हटलं घे, मला आधी खाली उतरव.

पहिली बारा प्रकरणं आणि पुढच्या कथेचा आराखडा तिने प्रकाशकाला दिला. तिची आधीची तीन पुस्तकं त्यानेच काढली होती. तो खूश झाला. "बाई, ही तुमची सगळ्यात मोठी कादंबरी होणार," म्हणाला.

तेराव्या प्रकरणाशी मात्र ताई अडली. आगीची संध्याकाळ लिहायची होती. चौकीदाराला दिवाबत्तीवाल्याची सावली गोदामाच्या भिंतीवर दिसते असं तिने लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. दिवा अजून लागायचा आहे, मग सावली कशाची? उजेड कुठून आला? तिने त्या कार्डाला चिमटा लावला. दुसऱ्या दिवशी बंदर कचेरीचे भरती-ओहोटीचे जुने तक्ते काढले. त्यांत चंद्राच्या कलाही छापलेल्या असत. आगीचा दिवस पौर्णिमेच्या आदला निघाला. म्हणजे सूर्य मावळायच्या आधीच चंद्र वर आलेला. भिंतीवर चांदणं. तिचं काम खरं तर तिथेच झालं होतं, सावलीला उजेड मिळाला होता.

पण इतकी वर्षं दप्तरात घालवलेल्या बाईला आणखी एक गोष्ट आठवली. त्या काळी नगरपालिका तेल वाचवायची. चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावायचेच नाहीत, असा ठराव होता. तिने दिवाबत्ती खात्याच्या कोठाराची नोंदवही शोधली. कोणती शिडी कुणी नेली, कधी परत आली, हे तीत रोज लिहिलेलं असे. त्या तारखेच्या ओळीत पाच शब्द होते. 'चांदणे. दिवे बंद. शिड्या आत.'

ती त्या दिवशी दुपारीच घरी आली. मी जेवायला आलो होतो. ती खुर्चीत बसली, चप्पलही न काढता.

"शिडी कोठारात होती रे," ती म्हणाली. "सगळ्याच शिड्या. कुलपात. तो गोदामापाशी गेलाच नव्हता. चौकीदार खोटं बोलला."

"मग आग कुणी लावली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्याचे अधिकारी घोंगडी तपासायला येणार होते. फायलीत त्यांचं पत्र आहे. गोदामाच्या मालकाने सडका माल भरला होता, तो जळला. गुमास्ता आत आहे हे मालकाला माहीत होतं की नाही, देव जाणे. आणि हा बापडा कोर्टात सांगत होता, त्या दिवशी मला कामच नव्हतं. न्यायाधीशाने काय लिहिलंय माहिती आहे? 'आरोपीचे म्हणणे विश्वास ठेवण्याजोगे नाही.' ती वही कोर्टापासून दोन गल्ल्यांवर होती. कुणी मागवली नाही."

बायकोने ताट वाढलं, ताईने हात लावला नाही.

"आणि मी," ती म्हणाली, "दोनशे चौदा पानं लिहिली, त्याला पुन्हा दोषी ठरवायला. का, तर शेवट चटकदार होतो म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून तिने कादंबरी नव्याने लिहायला घेतली, जुन्या पानांच्या कोऱ्या बाजूंवर. पाच महिने लागले. या वेळी शोध घेणारी होती दिवाबत्तीवाल्याची बहीण. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण आपला भाऊ चांदण्या रात्री घरी जेवायला असतो एवढं तिला पक्कं ठाऊक आहे, आणि एवढ्याशा गोष्टीच्या आधारावर ती दारोदार फिरते. ताईने याहून चांगलं काही लिहिलेलं नाही, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही.

ताईने हस्तलिखित प्रकाशकाकडे दिलं. त्याने ते आठवडाभर ठेवून घेतलं आणि मग बोलावलं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. काचेचं टेबल, मागे पुरस्कारांची रांग. त्याने चहा मागवला आणि हस्तलिखित दोन बोटांनी आमच्याकडे सरकवलं.

"बाई, पहिला शेवट ठेवा," तो म्हणाला. "वाचकाला त्या माणसाचा लळा लागतो आणि शेवटी तोच निघतो, यात गंमत आहे. नव्यात काय? गरीब निर्दोष आणि श्रीमंत दोषी. हे तर वाचकाला पहिल्या पानापासून वाटतंच."

"कोर्टाला वाटलं नव्हतं," ताई म्हणाली.

"कादंबरी आहे हो. मेलेला माणूस थोडाच फिर्याद करायला येणार आहे?"

ताईचा आवाज उतरला. प्रकाशक पुढे वाकला.

"तो येणार नाही म्हणूनच तर. आला असता तर स्वतःच बोलला असता. तुम्ही मला त्याच्याविरुद्ध दुसरी खोटी साक्षीदार करायला निघालात."

"आणि दुसरी एक गोष्ट," प्रकाशक म्हणाला, "त्या मालकाच्या घराण्याचा न्यास आहे शहरात. सभागृह त्यांचं, ग्रंथालय त्यांचं. आपले सगळे कार्यक्रम तिथेच होतात. उगाच कशाला नाकाला मिरच्या झोंबवायच्या?"

ताईने हस्तलिखित पिशवीत घातलं. चहा आला तेव्हा आम्ही जिन्यावर होतो.

पुढचं वर्ष तिने पाच प्रकाशकांचे उंबरठे झिजवले. सगळ्यांनी गोड बोलून बोळवण केली. आणि मग एका सकाळी माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर तपासायला आलं, त्याच्या हातात एक नवं कोरं पुस्तक. कव्हरवर शिडी. लेखक कोण, तर आमच्या शहरातले सगळ्यात नामांकित कादंबरीकार. माझी बायको त्यांना 'मानकरी' म्हणते, कारण एकही सोहळा त्यांच्याशिवाय होत नाही. प्रकाशक तोच. मी अक्षरं वाचायला लावायच्या निमित्ताने पुस्तक मागून घेतलं आणि तिसऱ्या पानावर माझेच डोळे फिरले. दिवाबत्तीवाला उंचीला घाबरत होता. शिडीच्या पायऱ्या मोजत होता. मोठ्याने. आठ.

ताईला फोन केला. ती ऑफिसातून निघून आली आणि दुकानातल्या आरशासमोर उभ्या उभ्या तासभर वाचत राहिली. तिची बारा प्रकरणं, तिचा आराखडा. शब्द बदललेले, बाकी हाडंमांस तेच. आणि शेवटी दिवाबत्तीवाला दोषी.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं कोर्टात खेचू. आमचा मावसभाऊ वकील आहे. त्याने सगळं वाचलं आणि हात झटकले. घटना जुनी, दप्तर सगळ्यांना खुलं, वाक्यं वेगळी. सिद्ध करता करता आयुष्य जाईल. प्रकाशकाला पत्र लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर आलं, 'कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात. आपल्या पुढील लेखनास शुभेच्छा.' शुभेच्छा. चोराने घर साफ करावं आणि जाताना दार नीट लावून घ्या म्हणावं, तशातली गत.

रविवारी सकाळी अकरा वाजता त्या पुस्तकावर मानकऱ्यांची जाहीर मुलाखत होती. त्याच सभागृहात, ज्याच्या दारावर गोदामाच्या मालकाचं नाव आणि आत त्याचं मोठं तैलचित्र आहे. आम्ही दोघं चौथ्या रांगेत बसलो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या असं सांगण्यात आलं. ताईने चिठ्ठी लिहिली नाही. वेळ आली तशी ती उभी राहिली.

"एकच विचारायचं आहे. त्या संध्याकाळी शहरात दिवे लागले होते का?"

मानकरी हसले. "आता दिवाबत्तीवाला आहे म्हटल्यावर दिवे लागणारच की." लोकही हसले.

"नव्हते लागले," ताई म्हणाली. सभागृह इतकं शांत झालं की तिचा तो उतरलेला आवाज शेवटपर्यंत पोचला. "पौर्णिमेच्या आदला दिवस होता. शिड्या कोठारात कुलूपबंद होत्या. नोंदवहीची प्रत माझ्याकडे आहे, बघायची असेल तर."

"बाई, लेखकाचे दिवे आत लागतात," मानकरी म्हणाले. टाळ्या पडल्या.

"मग ते आतच ठेवायचे होते. एका निरपराध माणसाच्या हातात पेटती काठी कशाला दिलीत? एकदा शिक्षा भोगून मेला तो." टाळ्या थांबल्या. "आणि तो पायऱ्या मोजतो, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"ते माझं निरीक्षण आहे," मानकरी म्हणाले. "माणसं बघावी लागतात."

तेव्हा मला राहवलं नाही. मी उठलो. "ते मी मोजत होतो," म्हणालो. "आमच्या अंगणात. तुम्ही तिथे नव्हता." लोक हसले, आणि ते कुणाला हसले हे मला अजून कळलेलं नाही. जन्मात एकदा चारचौघांत बोललो ते हे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वेळ संपल्याचं जाहीर केलं.

बाहेर पायऱ्यांवर एक पन्नाशीची बाई आमच्या मागे धावत आली. ती शाळेच्या सरावाच्या वह्या आणि गाइडं छापते. "तुमच्या कादंबरीत दिवे बंद आहेत का?" तिने विचारलं. "असतील तर मला वाचायला द्या."

मंगळवारी ताईला ऑफिसात मोठ्या साहेबांनी बोलावलं. न्यासाकडून तक्रार आली होती. कार्यालयीन कागदपत्रांचा खासगी कामासाठी वापर. ताईने त्यांना नियम दाखवला, शंभर वर्षांहून जुनं दप्तर कुणीही पाहावं, प्रत घ्यावी. साहेबांनी नियम वाचला, मान हलवली आणि तिची बदली केली. निवृत्तीला अकरा महिने उरलेले असताना एकतीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या बाईला त्यांनी पाळीव कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीवर बसवलं. शिक्षा नव्हती म्हणे ती, प्रशासकीय सोय होती.

दप्तरखान्याचा ताबा सोडायच्या दिवशी तिने खटल्याच्या फायलीत एक चिठ्ठी चिकटवली. जुन्या कागदावर काही लिहायला परवानगी नसते, पण एका कागदावरून दुसऱ्याकडे जायची खूण ठेवणं हे दप्तरवाल्याचं कामच आहे. 'दिवाबत्ती कोठाराची शिडी नोंदवही पाहावी,' आणि पुढे मांडणी आणि खणाचा आकडा. सही, तारीख, शिक्का.

वह्या छापणाऱ्या बाईने कादंबरी काढली. सहाशे प्रती, साधं कव्हर. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. एका साप्ताहिकाने घेतली, तीही 'त्याच विषयावरची आणखी एक कादंबरी' म्हणून. आणखी एक. हे वाचून माझ्या बायकोने ते साप्ताहिक घरी घेणं बंद केलं. तरी प्रती हळूहळू संपल्या. कुत्र्याचा परवाना काढायला आलेली माणसं खिडकीतून पुस्तक पुढे करून सही मागायची. ताईला ते आवडायचं, पण कबूल करायची नाही.

मानकऱ्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. मी मुद्दाम चाळून पाहिली. पायऱ्या मोजणं काढून टाकलं होतं आणि एक वाक्य वाढवलं होतं. 'त्या संध्याकाळी आभाळ ढगांनी गच्च भरले होते, म्हणून दिवे लावण्याचा हुकूम निघाला.' म्हणजे नोंदवही खोटी ठरवायला यांनी ढग आणले. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं हे बंदर कचेरीच्या रोजनिशीत लिहिलेलं आहे. ताईने ती ओळ पोस्टकार्डावर उतरवून मानकऱ्यांना पाठवली. खाली सही नाही, काही नाही. उत्तर यायचं नव्हतंच.

ताई निवृत्त झाली त्याला आता सव्वा वर्ष झालं. परवा सकाळी ती टेबलाशी बसली होती, नवी कार्डं कापत. मी विचारलं, "ताई, खरं सांग, तुझा सगळ्यात जास्त राग कुणावर आहे? प्रकाशकावर, की मानकऱ्यांवर?"

"छे," ती म्हणाली. "त्यांना काय, हवं ते मिळालं, त्यांनी घेतलं."

"मग मालकावर? चौकीदारावर?"

तिने शिडीच्या नोंदवहीची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं. तिथे दोन सह्या होत्या. एक कोठाराच्या मुकादमाची. दुसरी तेव्हाच्या दप्तरखान्याच्या कारकुनाची. तो रोज सकाळी वही तपासून सही करायचा.

"नऊ दिवस खटला चालला," ताई म्हणाली. "गावात दुसरं बोलणं नव्हतं. याने स्वतः सही केली होती. वही उचलायची आणि दोन गल्ल्या चालत जायचं, एवढंच काम होतं. हा माझ्याच खुर्चीत बसून राहिला."

मग तिने एक कोरं कार्ड घेतलं, वर 'कारकून' असं लिहिलं आणि त्याला चिमटा लावला.